धार सोडून सगळं

"पोरगी बघायला आलायस का चाकू घ्यायला?" शिकलगारचाचानं विचारलं.

कराडच्या स्टँडबाहेर, रसवंतीच्या शेजारी त्यानं पोतं पसरलं होतं. विळ्या, अडकित्ते, कात्र्या, खुरपी आणि एका कोपऱ्यात घडीचे चाकू. त्यातला एक मी घेतला होता. पैसे देऊन झाले होते, आणि आता पोत्यासमोर उकिडवा बसून मी तो तपासत होतो. शहाणा माणूस आधी तपासतो आणि मग पैसे देतो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

मूठ शिसवी, तिला पितळेच्या खिळ्या. पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं की पातं उघडायचं आणि खट्‌ आवाज करून ताठ उभं राहायचं. मिटायचं तर मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबायची. मी पातं डावीउजवीकडे हलवून बघितलं. डुलत नव्हतं. मिटल्यावर टोक मुठीत नीट बुडतं का ते बोट फिरवून बघितलं. मग पातं अंगठ्यानं धरून हळूहळू उघडलं, आवाज होऊ न देता. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं, मग तीन-चार वेळा करून खात्री केली.

"आवाजाचं काय घिऊन बसलायस? चाकू हाय, घड्याळ न्हवं," चाचा म्हणाला.

मी पात्यावर बोटं आडवी धरली. चार बोटं आणि वर थोडं. चाचाच्या मागं त्याची लाकडी पेटी होती, झाकणाच्या दोन फळ्यांमध्ये बारीक फट. मी पुढं वाकून त्या फटीत पातं घातलं आणि खालीवर सरकवून बघितलं. जरा घासत होतं, पण जात होतं.

"आरं, पेटी फोडतोस काय माझी?"

"जातंय का बघतोय."

"धार बघ की! समदं बघितलंस, धार न्हाय बघितलीस. लोक पैली धार बघत्यात."

"असू द्या. हाय तेवढी बास."

हे मात्र त्याला लागलं. धार म्हणजे त्याची अब्रू. "ठेव खाली," तो म्हणाला. मी चाकू पोत्यावर ठेवला, तो त्यानं उचलला आणि मनगटावरून एकदाच फिरवला. पातं गेलं तेवढ्या पट्टीत केस उरला नाही. तो माझ्याकडं बघून हसला. मी हात पुढं केला, तर त्यानं मान हलवली आणि चाकू परत पोत्यावर ठेवला.

"हातात न्हाय. उचल. सकाळच्या पारी भांडान नगं."

आमच्या घरीही हेच. विळी, सुरी, कात्री एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. आईनं आयुष्यात कुणाच्या हातात सुरी दिली नाही, आणि आमच्या घरात कधी भांडणही झालं नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

"कशाला पायजे रं एवढा बघून बघून?"

"वायरी सोलायला." मी मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात वायरमन होतो, त्यामुळं हे उत्तर कुणालाही पटलं असतं.

"सर्ज्या!" स्टँडच्या दारातून आबामामा ओरडला. "गाडी लागली! का आक्काला घिऊन म्या एकट्यानंच जाऊ?"

मी चाकू विजारीच्या उजव्या खिशात टाकला आणि पळालो.

आम्ही आक्काला नांदायला घालायला निघालो होतो. शालनआक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाप आम्हाला नव्हताच म्हणायचा, लवकर गेला. घरातला पुरुष म्हणजे आईचा भाऊ, आबामामा. तो पुढच्या सीटवर आक्काशेजारी बसला होता आणि तिची पिशवी त्याच्या मांडीवर होती. तिच्यात आक्काची लुगडी, लाडवांचा डबा, आणि दाजींना द्यायचा टॉवेल, टोपी, नारळ.

"मामा, पिशवी द्या हिकडं," मी म्हटलं.

"गप बस. तुझ्याकडं दिली तर घरी पोचायच्या आत नारळ फुटंल."

अर्ध्या तासानं मी पुन्हा मागितली. त्यानं पिशवी आणखी घट्ट धरली. आक्का खिडकीतून बाहेर बघत होती.

मागच्या श्रावणात पंचमीला तिला आणायला मीच गेलो होतो. दाराला बाहेरून कडी होती. घरी कोणी नाही असं समजून मी परत फिरलो. चार पावलं गेलो असेन, तोच आतून आवाज आला, "सर्जा, जाऊ नगंस. कडी काढ." दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीत तिचा एक डोळा दिसत होता.

दाजी कारखान्यात पाळीवर गेले आणि सासू शेताला गेली, की कडी लागायची. त्यांच्यातलं कुणी परत येईपर्यंत ती तशीच. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत तिनं आम्हाला हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल.

पंचमीला आलेली आक्का परत गेली नाही. आठ महिने राहिली. आई म्हणायची, "कडीच लावत्यात न्हवं? कुलूप तर लावत न्हाईत?" मामा म्हणायचा, "मारत न्हाय, पीत न्हाय, पगार घरात आनून देतो. आनि काय पायजे बाईमानसाला?" मग गल्लीत कुजबुज सुरू झाली, मामा दोनदा दाजींकडं जाऊन आला आणि तडजोड ठरली. मला कोणी विचारलं नाही, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे विचारलं होतं. "काय रं सर्ज्या, बरोबर हाय न्हवं?" असं मामानं विचारलं, आणि मी मान डोलावली.

दाजींचं घर कारखान्याच्या वसाहतीमागं, उसाला लागून. दोन खोल्या. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि बाहेरची कडी लोंबत होती. आकड्याची कडी, वरून खाली पडणारी. मी आत जाता जाता तिच्याकडं बघून घेतलं.

"या पाहुणं," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. सदरा पांढरा, भांग नीट. वसाहतीत त्यांना सगळे मान द्यायचे. आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसलो आणि आक्का सैपाकघरात गेली. ज्या घरात आठ महिने पाऊल टाकलं नव्हतं तिथं डबे कुठं आहेत हे तिच्या हातांना माहीत होतं. आतून कपबशा वाजल्या.

"आमच्याकडनं काय तरास असंल तर तोंडावर सांगा," दाजी म्हणाले. "हात उचललाय का मी कधी? इचारा तिला."

"छ्या, छ्या. पोरीचंच डोकं हो," मामा म्हणाला.

"मानूस कामावर गेल्यावर बाईमानूस घरात सुखरूप ऱ्हावं, एवढंच आपलं. जमाना कसा हाय."

"बराबर हाय."

मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की दाजी, कडी लावू नका. चार शब्द. पण मला दाजींची भीती वाटत होती, आणि मामाची त्याहून जास्त. मी दाराकडं बघत बसलो. एक फळी लोटलेली होती, तिच्या कडेनं उजेडाची रेघ येत होती. बघता बघता माझा हात खिशात गेला. चाकूची एक गोष्ट तपासायची राहिली होती: पातं उघडलेलं असताना त्याच्या पाठीवर जोर पडला, तर ते तसंच उभं राहतं का.

खिशातल्या खिशात मी अंगठ्याच्या नखानं पातं उघडलं, आवाज न करता. मग ते मांडीला टेकवून पाठीवर जोर दिला.

ते उभं राहिलं नाही. आवाज होऊ नये म्हणून मी इतकं हळू उघडलं होतं, की खटकी बसलीच नव्हती. पातं मिटलं आणि मध्ये माझी तर्जनी होती. आधी काही कळलं नाही. मग गरम लागलं आणि मग बोट असं ठणकलं, की डोळ्यांत पाणी आलं. चाचाची धार खोटी नव्हती.

मांडी घालून बसलं की विजारीच्या खिशाचं तोंड आवळतं. हात आत गेला होता सुखानं, आता बाहेर यायचं नाव घेईना. स्प्रिंग इतकी कडक, की बोट अडकल्यावर पातं एका हातानं उघडेना. उभा राहिलो असतो तर हात निघाला असता, पण हाताबरोबर चाकूही निघाला असता, बोटाला धरून बसलेल्या खेकड्यासारखा. सोयऱ्याच्या घरात, तडजोडीच्या बैठकीत, खिशातून चाकू. मी ओठ दाबून बसून राहिलो.

आक्काची सासू चहा घेऊन आली. मी डावा हात पुढं केला.

"डावरा हाय का ह्यो?" तिनं विचारलं.

"पोरकट हाय," मामा म्हणाला. "सर्ज्या, उजव्या हातानं घे."

"असू द्या, मामा."

"काय असू द्या? रीत हाय का न्हाय काय?"

मी डाव्या हातानंच कप घेतला आणि गरम चहा एका घोटात पिऊन टाकला. जीभ पोळली तेव्हा क्षणभर बोटाचा विसर पडला. सासू माझ्याकडं बघतच राहिली.

मग मामानं पिशवी उघडली. टॉवेल काढला, टोपी काढली, नारळ काढला. आमच्याकडं तडजोडीचा कागद होत नाही. बायकोच्या भावानं उठायचं, दाजींना गंध लावायचं, टोपी घालायची, टॉवेल-नारळ हातात देऊन पाया पडायचं. एवढं झालं की ठरलं. मग त्यावर कुणी बोलायचं नाही, बहिणीनं तर नाहीच. आक्का कुंकवाचं ताट घेऊन सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ, सर्ज्या," मामा म्हणाला.

मी उठलो नाही.

"ऊठ म्हनतोय."

"जरा बसू द्या, मामा."

दाजींनी टोपीसाठी पुढं केलेलं डोकं मागं घेतलं. "का?" ते शांतपणं म्हणाले. "पाहुण्यांच्या मनात न्हाय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या सगळ्यांना वाटतंय मी नकार देतोय. मामाला वाटतंय, दाजींना वाटतंय. मी आक्काकडं बघितलं. तिलाही वाटत होतं. ताट धरलेले तिचे हात थांबले होते आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी लहानपणीसुद्धा कधी बघितली नव्हती. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं होतं.

"तसं न्हाय, दाजी," मी म्हणालो. "पायाला मुंग्या आल्यात."

आक्कानं मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी बऱ्याच गोष्टी विसरलो, तिची ती खाली गेलेली मान विसरलो नाही.

"अगं बया! माझी सतरंजी!" सासू ओरडली. माझ्या मांडीखालून लाल डाग पसरत चालला होता.

मामानं मला दंडाला धरून उभं केलं. हात खिशातून निघाला आणि मला वाटलं होतं तसाच निघाला. मामाचं तोंड उघडंच राहिलं. दाजी दोन पावलं मागं सरले. आवाज न चढवणारा तो माणूस भिंतीला टेकला होता, आणि मी त्यांना भ्यालो होतो तेवढेच ते मला भ्यालेले दिसत होते.

आक्कानं ताट खाली ठेवलं. माझ्यासमोर येऊन तिनं एका हातानं मूठ धरली, दुसऱ्यानं पातं ओढलं आणि बोट सोडवलं. पदर फाडून घट्ट बांधलं.

"चाकू घिऊन आला व्हय माझ्या ल्योकावर?" सासू किंचाळली.

"न्हाय हो, वायरमन हाय त्यो," मामा घाईघाईनं म्हणाला. "सांग की रं, कशाला हाय त्यो?"

"वायरी सोलायला," मी म्हणालो.

आक्का चाकूकडं बघत होती. तिनं पात्यावर बोट आडवं फिरवलं, किती पातळ आहे ते बघितल्यासारखं. मग दाराच्या फटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं चाकू मिटला.

"दे हिकडं," दाजी म्हणाले. अंगात धीर आला होता. "माझ्या घरात हे चालायचं न्हाय."

आक्कानं चाकू त्यांच्यासमोर धरला, उघड्या तळहातावर. दाजींनी हात पुढं केला आणि निम्म्यात थांबवला.

"भुईवर ठेव," सासू म्हणाली. "हातात दिऊ नगंस, शालन. भुईवर ठेव, त्यो उचलंल."

"का, आत्या?"

"का म्हंजी? भांडान हुतं!"

"हुं दे की," आक्का म्हणाली. "पाच वर्सांत एकदा तरी हुं दे. घ्या."

तिचा हात तसाच पुढं होता, जराही हलत नव्हता. दाजी एकदा तिच्याकडं, एकदा चाकूकडं, एकदा आपल्या आईकडं बघत होते. चाकू मिटलेला होता, लहान पोरानंसुद्धा उचलला असता. त्यांचा हात पुढं आला नाही. त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि पाठीमागं घेतला.

आक्कानं चाकू कमरेला खोचला. "बोट शिवाय पायजे," ती म्हणाली. "दवाखान्यात नेते ह्याला."

"तू ऱ्हा, मी नेतो," मामा म्हणाला.

"तुमी बसा, मामा. पिशवी संबाळा."

टॉवेल, टोपी आणि नारळ सतरंजीवर तसेच पडले होते. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिनं मागं दार ओढून घेतलं नाही, उघडंच टाकलं.

वसाहतीच्या दवाखान्यात चार टाके पडले. तिथून ती परत वळली नाही, फाट्याकडं चालायला लागली. मी मागून. फाट्यावर शेड होतं, तिथं बसलो. कराडची गाडी यायला अवकाश होता.

"हा माझ्यासाठी हुता न्हवं?" तिनं कमरेचा चाकू काढून विचारलं. "फटीतनं घालून कडी उचलायला."

मी मान डोलावली. पिशवीत लाडवांच्या डब्याखाली ठेवणार होतो, हातात द्यायला नको म्हणून. मामानं पिशवीच सोडली नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. आवाज होतो का बघितलं, लांबी बघितली, फटीत जातंय का बघितलं. मला वाटत होतं ती डोक्यावरून हात फिरवेल.

"मी उघडली हुती ती कडी," ती म्हणाली.

"कशानं?"

"पत्र्याची पट्टी हुती डब्याची. दुसऱ्याच वर्सी. उघडली आन् उंबऱ्यावर बसले. लई बरं वाटलं, वारं आलं तोंडावर." तिनं मिटलेला चाकू हातात फिरवला. "मग इचार केला, आता जायाचं कुठं? तुमच्या दारात. आन् तुमी काय करनार? टावेल-टोपी घिऊन परत हितंच आनून सोडनार. शेजारची पोरगी खेळत हुती. तिला म्हनलं, बाई, कडी लाव गं. आन् आत गेले."

मी रडत होतो आणि बोट दुखतंय असं दाखवत होतो. सबंध सकाळ मी त्या चाकूचं काय काय तपासलं होतं, आणि तिला परत सोडायला निघालेला भाऊ तेवढा तपासायचा राहिला होता.

लांबून गाडी दिसली. आक्का उठली आणि तिनं चाकू माझ्यासमोर धरला.

"घे."

"खाली ठेव, उचलतो," मी सवयीनं म्हणालो.

"खाली न्हाय. हातात घे. घरी आई हाय, मामा मागनं यील. मी एकटी किती भांडू? माझ्यासाठी जरा भांडायला शीक की रं."

उजवा हात बांधलेला होता. मी डावा पुढं केला. तिनं चाकू माझ्या तळहातावर ठेवला, वरून माझी बोटं मिटली आणि मग गाडीला हात केला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे भांडण झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आई तोंडात पदर घालून बसली. मामानं पिशवी उंबऱ्यावर आपटली, आणि पुढची दोन वर्षं तो आमच्याकडं जेवला नाही. आक्का राहिली. नर्सिंगला गेली, नोकरीला लागली, आता निवृत्त होऊन कराडलाच स्वतःच्या घरात असते. तर्जनी माझी अजून पुरती वाकत नाही.

मी त्या दिवशी कसा भांडलो, हे मला स्वतःला आठवत नाही. आक्काला विचारलं तर ती सांगते, की सुरुवातीला आवाज लई कापत होता, मग जमलं.